एका अंदाजपत्रकाचे रसग्रहण

मराठी समीक्षेने तसे कोणाला उपाशी ठेवलेले नाही. ओव्या झाल्या, उखाणे झाले, लावण्या झाल्या, ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या ओळींवरही कोणीतरी प्रबंध लिहून डॉक्टर झाले असेल. पण गॅरेजवाल्याने गाडीच्या मालकाला लिहून दिलेले एस्टिमेट हा अस्सल गद्यप्रकार मात्र अजून समीक्षकाची वाट पाहत ताटकळतो आहे. वास्तविक वाचकाच्या काळजाला हात घालण्यात याचा हात धरणारा दुसरा प्रकार नाही. कादंबरी वाचून डोळे पुसणारे वाचक मी पाहिले आहेत. पण शेवटच्या पानावरची शेवटची ओळ वाचून धडधाकट माणूस मटकन खाली बसतो आणि पाणी मागतो, हे सामर्थ्य मी फक्त एस्टिमेटमध्ये पाहिले.

मी साहित्याचा विद्यार्थी नाही. बी.कॉम. आहे आणि बँकेत लिपिक आहे. पण बावीस वर्षे लोकांनी लिहिलेले कागद वाचतो आहे. कर्जाच्या अर्जातला 'कर्जाचा उद्देश' हा रकाना ज्याने बावीस वर्षे वाचला, त्याला कल्पित वाङ्मय निराळे वाचावे लागत नाही. तेव्हा अधिकाराचा प्रश्न मिटला असे समजून मूळ कृतीकडे वळतो.

प्रस्तुत कृती माझ्या साडूंच्या, म्हणजे भालचंद्ररावांच्या, मोटारीसंबंधी आहे. गाडी जर्मन, सन २००५ ची, आयात केलेली, आठ सिलिंडरची, वर सुपरचार्जर, आणि अश्वशक्ती साडेचारशेच्या पुढे. कंपनीचे नाव सांगत नाही. बँकेत खातेदाराचे नाव बाहेर सांगत नाहीत, तोच नियम इथे लावतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर भालचंद्ररावांनी चार वर्षांपूर्वी ती एका बिल्डरकडून ९ लाखांना घेतली. नव्या साध्यासुध्या गाडीच्या किमतीत साडेचारशे घोडे मिळतात म्हटल्यावर माणूस दाण्यापाण्याचा हिशेब करायला थांबत नाही. एक्सप्रेसवेवर वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर, म्हणजे त्यातले तीनशेच्या वर घोडे कायमचे पगारी रजेवर. पण रविवारी पहाटे ताईंना शेजारी बसवून ते लोणावळ्यापर्यंत जाऊन येतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. हा मनुष्य घरात आठवडाभर 'हं' आणि 'बघू' याच्या पलीकडे बोलत नाही. गाडीत बसला की लहानपणच्या शाळेपासून सुरुवात करतो, असे ताईच सांगतात.

एस्टिमेट चार पानी आहे. बाबी ३७. एकूण रक्कम १२,९६,२३० रुपये. आणि गाडी आहे तशी घ्यायला तयार असलेल्या दलालाची बोली ६ लाख. म्हणजे गाडीच्या दुप्पट किमतीहून जास्त दुरुस्ती. चौथीच्या गणितात हा प्रश्न घातला तर मुले गुरुजींना हसतील.

प्रथम भाषेविषयी. या लेखकाची शैली सूत्रमय आहे. क्रियापद संपूर्ण कृतीत एकही नाही. 'एअर स्ट्रट फ्रंट एल.एच.', 'एअर स्ट्रट फ्रंट आर.एच.' एवढेच. पण वाचकाच्या मनात क्रियापदे आपोआप उमटतात: गळले, संपले, बुडालो. याला आपल्याकडे ध्वनी म्हणतात. 'कन्झ्युमेबल्स ९,५००' या ओळीतला ध्वनी तर काही औरच! कापूस, ग्रीस, रॉकेल, हातमोजे आणि गॅरेजमधल्या सर्वांचा दोन वेळचा चहा, इतका अर्थ एका शब्दात! आणि प्रत्येक पानाच्या तळाशी अगदी बारीक टायपात एक ध्रुवपद आहे: 'काम उघडल्यावर अधिक दोष आढळल्यास जादा आकार पडेल.' उत्तम साहित्यकृती वाचून झाली तरी संपत नाही म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता कथानक. त्याचा नायक एअर सस्पेन्शन आहे. या गाड्यांना साध्या लोखंडी स्प्रिंगांऐवजी रबराच्या हवाभरल्या पिशव्या असतात. एक कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, व्हॉल्व्ह ती चारी चाकांना वाटतात, आणि सेन्सर गाडी किती उंच आहे ते पाहत राहतात. नवेपणी हे सुख अवर्णनीय. खड्डा आपल्याला लागला की शेजारच्या गाडीला, इतका संभ्रम पडतो. पण रबर म्हणजे शेवटी रबर. वीस वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात. यात कंपनीचा दोष नाही. वीस वर्षांत आमच्याही गुडघ्यांचे तेच झाले आहे. मग रात्री हवा सुटते आणि सकाळी गाडी पुढच्या बाजूने जमिनीला नाक टेकवून बसलेली दिसते. किल्ली फिरवली की कॉम्प्रेसर घरघर करून तिला उठवतो. पण पिशवी गळकी, त्यामुळे तो बिचारा दिवसभर हवाच भरत राहतो आणि एक दिवस जळतो. पहिल्या वर्षी भालचंद्ररावांनी नेमका नुसता कॉम्प्रेसर बदलून घेतला होता, कारण तो स्वस्त होता. गळक्या टाकीखाली नवा पंप! तो दीड वर्षात गेला. आता या खंडात स्ट्रट, मागच्या पिशव्या, कॉम्प्रेसर आणि रिले मिळून ४,६६,००० रुपये आहेत. रस करुण.

उपकथानक ब्रेक आणि टायरचे आहे: २,७६,०००. येथे भयानक रस. टायर दिसायला झकास आहेत, कारण गाडी फिरते कमी. पण टायर झिजून जसा जातो तसा नुसता म्हातारा होऊनही जातो. त्याच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या टायरांवरचे वर्ष वाचून मी खिशातले पेन परत खिशात ठेवले. बँकेत त्याच्यानंतर जन्मलेली खाती डोर्मंट होऊन गेली आहेत.

तिसरा खंड इंजिनाच्या तेलगळतीचा आणि सुपरचार्जरची हवा थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा. तो लहान आहे, पण त्यात खोच आहे. पंप बंद पडला तर गाडी थांबत नाही, फक्त गरम हवेने तिची ताकद कमी होते. मालकाला वाटते आपणच म्हातारे झालो. चौथा खंड अद्भुतरम्य: सीटचे चामडे, लाकडाची झिलई, दिव्यांच्या काचा, रंग. १,३०,०००. यात लेखकाची प्रतिभा मोकळी सुटली आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र लेखकाचे आभार मानले पाहिजेत. त्याच्या कथेत मोजणी ठेवणारे ब्रेक नाहीत. तेही या दुनियेत होऊन गेले. मर्सिडीजने २००१ च्या सुमारास सेन्सोट्रॉनिक नावाचे विजेवर चालणारे ब्रेक आणले. त्यांचे यंत्र ब्रेक किती वेळा लागला याची नोंद ठेवी आणि ठरलेला आकडा झाला की वर्कशॉपला चला म्हणून पाटी दाखवी. ब्रेकचे पासबुक! २००४ च्या मे महिन्यात कंपनीने या ब्रेकसाठी ६,८०,००० गाड्या तपासणीला परत बोलावल्या, २००५ मध्ये आणखी मोठी फेरी झाली, आणि २००६ च्या नव्या ई-क्लासपासून ते काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक पुन्हा बसवले. लक्ष्मी रोडला दिवाळीत गाडी घालणाऱ्याचा तो आकडा एका आठवड्यात भरला असता.

समीक्षेत तुलनात्मक पद्धत आवश्यक असते. तेव्हा दोन अभिजात उदाहरणे घेऊ.

पहिले मिस्टर बीनचे. टीव्हीवर दाराला कडी-कुलूप लावलेली हिरवी मिनी चालवणारे हे गृहस्थ, म्हणजे नट रोवन ॲटकिन्सन, खऱ्या आयुष्यात मॅक्लारेन एफ-वन ही गाडी बाळगून होते. गॉर्डन मरे यांनी रचलेली, ड्रायव्हर मधोमध आणि दोन प्रवासी त्याच्या मागे दोन बाजूंना, इंजिनाच्या कप्प्याला उष्णता परतवण्यासाठी चक्क सोन्याचा पत्रा. सगळ्या प्रकारच्या धरून अशा गाड्या १०६ च झाल्या. २०११ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिजशायरमध्ये ती घसरून झाडावर आदळली आणि पेटली. दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ लागला आणि खर्च आला ९,१०,००० पौंड. विमा कंपनीने तो भरला. सामान्य वाचक म्हणेल, काय हा वेडेपणा! पण वेडेपणा मुळीच नव्हता. गाडीची बाजारातली किंमत त्या रकमेच्या कितीतरी पट होती. २०१५ मध्ये ती सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. विम्याचे लोक काव्य करत नाहीत; त्यांनी पंचवीसेक ओळींचा हिशेब केला असेल आणि सही केली असेल.

दुसरे उदाहरण ऋत्विक घटक यांच्या 'अजांत्रिक' या १९५८ च्या बंगाली चित्रपटाचे. सुबोध घोष यांच्या कथेवरचा. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची १९२० ची मोडकळीला आलेली शेव्हरोलेट, जगद्दल. लोक हसतात, पण तो तिच्याशी बोलतो, तिच्यावर रागावतो, आणि शेवटी होते नव्हते ते पैसे तिच्या दुरुस्तीत घालतो. तरी ती उभी राहत नाही. मग भंगारवाला येतो. दुरुस्तीच्या निर्णयावर याहून खरे काही मी पाहिलेले नाही, कारण घटकांनी बिमलला वेडा ठरवलेला नाही आणि शहाणाही ठरवलेला नाही.

भालचंद्ररावांची पंचाईत अशी, की ते बिमलच्या काळजाने बोलतात आणि पुरावा ॲटकिन्सनचा देतात. "मुकुंदराव, जुन्या गाड्यांच्या किमती वाढतात हो," असे ते मला म्हणाले. वाढतात, पण ज्या १०६ असतात त्यांच्या. ज्या हजारोंनी निघाल्या त्यांचा हिशेब घसाऱ्याने होतो. प्राप्तिकरात मोटारीला घसरत्या शिलकीवर साधारण १५ टक्के घसारा धरतात. त्या दराने १०० रुपयांच्या गाडीचे वीस वर्षांनी ३ रुपये ८८ पैसे उरतात. या पद्धतीची गंमत ही, की किंमत कधीच शून्य होत नाही. जगातल्या सगळ्या जुन्या गाड्यांच्या मालकांचे तत्त्वज्ञान त्या उरलेल्या ३ रुपये ८८ पैशांवर उभे आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक भावपूर्ण होता. "आजवर सात लाख घातलेत तिच्यात. आता सोडून दिली तर ते पाण्यात." हे वाक्य मी काउंटरच्या अलीकडून अनेकदा ऐकले आहे. त्याला आमच्याकडे जुन्या कर्जाचे व्याज फेडायला नवे कर्ज देणे म्हणतात, आणि रिझर्व्ह बँकेला ते मुळीच आवडत नाही. गेलेले सात लाख दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत. गाडी ठेवली तरी आणि विकली तरी. त्यांना निर्णयात मत नाही. आमच्या वर्गवारीत कर्ज चार प्रकारचे: स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. गाडीलाही हीच वर्गवारी लावता येते. फक्त मालक तिला शेवटपर्यंत स्टँडर्ड म्हणतो.

पण त्याच न्यायाने 'गाडी ६ लाखांची, दुरुस्ती १३ लाखांची, सोडा नाद' हा शेजाऱ्यांचा निकालही कच्चा आहे. विकून आलेल्या ६ लाखांत भालचंद्ररावांना दुसरी अशी गाडी मिळणार नाही. मिळाली तर तीही अशीच नाक टेकून बसलेली असेल. खरा प्रश्न गाडी केवढ्याची हा नसून, हे पैसे दुसरीकडे कुठे लागणार होते आणि पुढच्या तीन वर्षांत ती आणखी किती मागणार, हा आहे. यात सरकारचाही वाटा धरावा लागतो. गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. त्यात ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचे नुसते नूतनीकरण शुल्क ८०,००० रुपये.

आणि पैसे दुसरीकडे लागणारच होते. त्यांची १४ लाखांची मुदतठेव आमच्याच शाखेत आहे. ताईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले आहेत आणि त्यांचेही एक अंदाजपत्रक आहे: ५,१०,००० रुपये. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. शैली तीच! 'नी इम्प्लांट एल.एच.', 'नी इम्प्लांट आर.एच.', कन्झ्युमेबल्स, आणि तळाला तेच ध्रुवपद, की परिस्थितीनुसार आकार वाढू शकेल. फरक एवढाच, की गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली. मोटारीच्या गुडघ्यांवर अजून घातलेली नाही.

दुखणेही दोघींचे एकच. गाडी सकाळी उठायला वेळ लावते, ताईही लावतात. आणि गाडी बसकी असल्यामुळे ताईंना तिच्यातून उतरताना भालचंद्ररावांचे दोन्ही हात धरावे लागतात. गेले सहा महिने त्यांची रविवारची फेरी बंद आहे. गाडीमुळे की गुडघ्यांमुळे, ते दोघांपैकी कोणीच सांगत नाही. घरात पुन्हा 'हं' आणि 'बघू' चालू आहे.

ठेव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीची आहे. पुष्कळ नवऱ्यांची समजूत असते, की यातला 'आयदर' म्हणजे आपण. मुदत संपल्यावर ते खरेही असते. पण मुदतीपूर्वी ठेव मोडायची, आणि तसे आधी लिहून दिलेले नसेल, तर दोघांच्याही सह्या लागतात. ही तरतूद ज्याने केली त्याचा संसार झालेला असणार. तेव्हा एस्टिमेट मंजूर करण्याचा अधिकार भालचंद्ररावांना नव्हताच. तो ताईंना होता.

मी त्यांच्यापुढे दोन्ही कागद ठेवले आणि गाडीच्या ३७ बाबींची माझ्या पद्धतीने तीन रकान्यांत फोड करून दिली. पहिला रकाना जिवाचा: ब्रेक आणि टायर. गाडी चालवायची तर यात घासाघीस नाही. परवडत नसेल तर चालवायची नाही. दुसरा रकाना वाढत्या नुकसानीचा: सस्पेन्शन, तेलगळती, पंप. हे लांबणीवर टाकून गाडी चालवली तर दर महिन्याला दुसरे काहीतरी जळते. पण गाडी उभी ठेवली तर हा रकाना गोठतो. शिवाय यात पर्याय असतात. अस्सल नव्या स्ट्रटऐवजी नवी रबरी पिशवी घातलेले रिकंडिशन स्ट्रट पुष्कळ स्वस्त पडतात, आणि साध्या स्प्रिंगा बसवणारेही असतात, जरी त्याने तरंगणे जाते आणि गाडी चारचौघींसारखी होते. तिसरा रकाना हौसेचा. त्याला घाई नसते, आणि घाई असेल तर ती हौस नव्हे.

भालचंद्रराव खिडकीबाहेर बघत होते. ताईंनी चष्मा लावून दोन्ही कागद सावकाश वाचले. मग म्हणाल्या, "मुकुंदराव, याच्यात पुढचं डावं-उजवं आधी लिहिलंय आणि मागचं नंतर. म्हणजे जोडीनं बदलतात ना?"

"हो. एक नवं आणि एक जुनं ठेवलं तर ओढ बसते."

"मग आधी माझं एल.एच., आर.एच. होऊ द्या. तोवर हिला उभी राहू दे. मला उतरता यायला लागलं की हिचे ब्रेक, टायर करा, आणि त्या पिशव्या त्या स्वस्तातल्या घाला. चामडं-बिमडं काही नको. या वयात कातडी सुरकुतली तर बिघडत नाही." आणि नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही विकायची नाही हं. मी कशासाठी गुडघे बदलून घेतेय?"

भालचंद्रराव त्यावर "हं" म्हणाले नाहीत. "बघू" पण म्हणाले नाहीत. त्यांनी मला एकदम टायरच्या मापाबद्दल विचारायला सुरुवात केली.

हिशेब असा: गुडघे ५,१०,०००, ब्रेक-टायर मजुरी आणि १८ टक्के जी.एस.टी.सह साधारण ३,६०,०००. ठेवीतले उरतात ५,३०,०००, आणि त्यातून रिकंडिशन पिशव्या व एक कॉम्प्रेसर जाऊन काही शिल्लक राहावी. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी एवढेच म्हणेन, की हा व्यवहार फायद्याचा नाही. पण फायद्याचा नसलेला प्रत्येक व्यवहार तोट्याचाच असतो, असे बी.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. घरखर्चात एक 'करमणूक' नावाचा रकाना असतो. फक्त त्याची रक्कम आधी ठरवायची असते आणि जिवाच्या रकान्यातून उसनी घ्यायची नसते.

आता कृतीचे अंतिम मूल्यमापन. भाषा नेमकी. कथानक गतिमान, गाडी नसली तरी. पात्रचित्रण एकांगी, सर्व पात्रे बदलण्याच्याच योग्यतेची दाखवली आहेत, एखादे तरी दुरुस्त होण्यासारखे असते. शेवट भेदक, पण अंगावर येणारा. सर्वांत मोठी उणीव अशी, की लेखकाने गाडीत कोण बसणार आहे याचा चार पानांत कुठेही उल्लेख केलेला नाही. ही बाब वाचकाला स्वतःच्या खर्चाने घालावी लागते. दुसरी, संक्षिप्त आवृत्ती मागवली आहे. ती ताईंच्या पट्ट्या निघाल्यावर प्रसिद्ध व्हावी, अशी विनंती लेखकाला केलेली आहे. कन्झ्युमेबल्समधला चहा तेवढा वगळू नये.